कोरं जाळं

माझ्या थोरल्या काकाला अख्खं बंदर अहो-जाहो करायचं. मी मात्र एकेरीतच लिहिणार आहे. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण तो जिवंत असताना बोलायची सोय कुठे होती?

पनवेलच्या खाडीवर आमची आणि त्याची घरं लागून होती. होडी काकाची, आणि त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तिच्यावर खलाशी. आजोबांची होडी एकट्या काकाची कशी झाली, असं मी विचारलं की आई भाकरी जरा जोरात थापायची. एवढंच उत्तर मिळायचं.

ही एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. जाळी तेव्हा तागाच्या सुताची असत आणि ते सूत कुजायचं. म्हणून ऐनाच्या सालीचा काढा मोठ्या काहिलीत करून त्यात जाळं उकळायचं, वाळवायचं, पुन्हा उकळायचं. बाबांचं अर्धं आयुष्य त्या काहिलीपाशी गेलं. त्यावरून बंदरावर रीतच पडली होती की कोरं जाळं पाण्यात घालायचं नाही. नवं जाळं आलं की काहील पेटायची, काका नारळ फोडायचा आणि जाळं तांबडं होऊन निघालं की मगच खाडीत उतरायचं. रीत कशासाठी होती ते सगळे विसरले होते. नारळ तेवढा लक्षात होता.

एकदा सरकारी खात्याचा एक माणूस आला आणि नायलॉनच्या सुताचे हातभर तुकडे वाटून गेला. हे सूत कुजत नाही, म्हणाला. कोणी त्याने बकरी बांधली, कोणी लेंग्याला नाडी घातली. बाबांनी आपला तुकडा चिखलात पुरला आणि पावसाळाभर तिथेच ठेवला. नंतर काढून, धुऊन दोन्ही हातांनी ओढला, तर तुटेना. मग त्याला दगड टांगून पाहिला, उन्हात वाळत ठेवला, शेवटी उकळत्या काढ्यात घातला. काढ्यातून तो आखडून वेडावाकडा होऊन निघाला.

"याला उकलतां पानी चालत नाय," बाबा म्हणाले, "आनि लागत पन नाय." इतकं खूश मी त्यांना माझ्या बहिणीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. उद्या सगळ्या खाडीत हेच सूत असेल, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

त्याच सुमारास रशियाने आकाशात यंत्राचा चंद्र सोडल्याची बातमी आली. आमच्या बंदराने ती संध्याकाळपर्यंत मान्य करून टाकली. न कुजणारं सूत मात्र कोणाला पटेना.

आईच्या कानातलं गेलं आणि नायलॉनचं सूत घरात आलं. बाबांनी जाळं विणलं, पांढरंशुभ्र, आणि एका मित्राची छोटी होडी मागून ते तसंच कोरं खाडीत उतरवलं. त्याच आठवड्यात काकाचं तागाचं जाळं उधाणात फाटून वाहून गेलं. झालं. काकाने सगळी आळी गोळा केली.

"यान कोरां जालां खाडीन टाकलां," तो म्हणाला. "खाडी कोपली. भोगायचां आमी?"

काकाचं जाळं जुनं होतं, कुजलेलं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण काकाच्या तोंडावर बोलणार कोण? बाबांना होडीवरून काढलं. बाजारात आईच्या शेजारी कोणी मासळीची पाटी मांडेना. ज्या बंदरावर बाबा जन्मले तिथे त्यांना कोणी विडीसाठी काडी देईना. मी विशीतला होतो, मी खूणगाठ बांधली. या माणसाचं नाक सगळ्यांदेखत कापलं गेलेलं मला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

वाट पाहावी लागली. बाबांचं पांढरं जाळं रोज पाण्यात जायचं, बाकीच्यांची जाळी काठावर वाळत पडलेली असायची. लोक डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमची पाटी बघायचे. काकाही बघायचा. मग एक दिवस तो मुंबईहून नायलॉनचं भलंमोठं तयार जाळं घेऊन आला. भावाला एका शब्दाने विचारलं नाही. आल्या आल्या काहील पेटवायला सांगितली.

मी सरळ तिथे गेलो. पंधरावीस माणसं जमली होती.

"काका, ह्यां जालां उकलू नको," मी म्हणालो. "आखडंल."

"तुज्या बापाकडशी शिकायची येल माज्यावर अजून आली नाय," काका म्हणाला आणि त्याने नारळ फोडला.

मी खोटं बोललो नव्हतो. पण मी चारचौघांत सांगितलं तर तो मुद्दाम उलट करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आईच्या हाती गुपचूप निरोप धाडला असता तर कदाचित ऐकलंही असतं त्याने. म्हणूनच मी चारचौघांत गेलो होतो.

जाळं बाहेर निघालं तेव्हा कोणी हसलं नाही. एक बाजू आखडलेली, दुसरी पिळवटलेली, आणि तळाशी बसलेला भाग कडक झालेला. काका ते ओढून सरळ करू पाहत होता. माणसं एकेक करून निघून गेली. मी बांधावर बसून राहिलो. मला खूप बरं वाटत होतं, आणि ते लवकर संपू नये असं वाटत होतं.

तेवढ्यात बाबा आले. उकिडवे बसले, जाळ्याचा एक पदर हातात घेऊन ताणून पाहिला.

"सूत मेलां नाय," ते म्हणाले. "गाठी आवलल्यान." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरशी सुई आन."

मी हललो नाही. "बाबा, यान तुमाना होडीवरशी काढलां."

"त्यान काढलां," बाबा म्हणाले. "सुतान नाय काढलां."

सुई आईने आणून दिली. पुढे कितीतरी दिवस दोघे भाऊ एका ताडपत्रीखाली बसून ते जाळं उसवत आणि पुन्हा विणत होते. काका विचारायचा, बाबा दाखवायचे, आणि बाबांच्या चेहऱ्यावर तोच आनंद, चिखलातला तुकडा निघाला होता तेव्हाचा. माझा सूड त्यांनी गाठी-गाठीने सोडवून टाकला. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. काकावरचा राग मी समजू शकतो, पण बाबांवरचा तो राग मला आजही आवरत नाही.

पुढच्या हंगामात सगळ्या आळीने नायलॉन घेतलं. काकाने घेतलं म्हणून घेतलं. आजही बंदरावरचे म्हातारे सांगतात की पनवेलच्या खाडीत नायलॉन काकाने आणलं. परवा एकाने माझ्याच तोंडावर सांगितलं.

म्हणून हे लिहायला बसलो. बाबांचं नाव ठळक लिहायचं ठरवलं होतं. लिहिलंही, आणि मग खोडलं. दोघांचं आडनाव एकच, बापाचं नावही एकच. बाबांचं नाव लिहिलं की दोनतृतीयांश काका त्यात येतो, आणि मी त्याला तेवढंही देणार नाही.