स्पेनचा इतिहास आणि माझं कुलदैवत

नांदेडच्या स्टँडवर मुंबईची गाडी सुटायच्या आधी बाबांनी खिडकीतून विचारलं, "सिंगापूरला जाऊन स्पेनचा इतिहास शिकायचा? वाटेत दुसरा देश नाही का मिळाला?" पोस्टात जन्म गेलेल्या माणसाला पत्ता चुकलाय असंच वाटत होतं. आई नुसती रडत होती. मीही रडले, पण गाडी वळल्यावर.

सिंगापुरात क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये खोली मिळाली. खाली बस, खालीच स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. फोन कार्ड संपेपर्यंत आईशी बोलायचं आणि मग वाचत बसायचं. स्पेनमध्ये मूळचे इबेरियन, त्यांच्यात केल्ट मिसळले, किनाऱ्यावर फिनिशियन व्यापारी उतरले. रोमन आले ते भाषा देऊन गेले. मग व्हिसिगॉथ, मग आफ्रिकेतून अरब आणि बर्बर. ज्यू तर रोमनांच्या काळापासून होतेच. एवढी सरमिसळ झालेले हे लोक पुढे रक्त शुद्ध आहे का ते तपासायला निघाले! ज्यूंना सांगितलं, धर्म बदला नाहीतर देश सोडा. नंतर मुसलमानांवरही तीच वेळ आली. ज्यांनी बदलला ते 'नवे ख्रिस्ती' ठरले. त्यांच्या नातवाला मानाची जागा हवी असली की चौकशीला माणसं गावात जायची, आजा कोण, आजी कुणाकडची. काही घरं म्हणे, आम्ही डुक्कर खातो, म्हणजे पक्के ख्रिस्ती, हे शेजाऱ्यांना दिसावं म्हणून दारात डुकराची तंगडी टांगून ठेवत.

वाचून हसू आलं. आमच्याकडे ही चौकशी चहाबरोबर उरकतात.

त्याच आठवड्यात ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी मराठी मंडळी जमली होती. पासिर रिसला राहणाऱ्या वर्षाताईंनी अगदी मायेनं विचारलं, "गाव कुठलं गं तुझं? आणि कुलदैवत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुळजापूरची भवानी."

"अय्या, आमचीही तीच! मग नवरात्रात जेवायला आमच्याकडेच यायचं."

माझ्या आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातला देव्हारा रिकामा केला होता. स्पेनमधल्या त्या लोकांवर धर्म लादला गेला, आजोबांनी तर तो मान ताठ ठेवून निवडला होता. आणि मी? माझ्यासमोर ना तलवार ना न्यायाधीश, एक प्रेमळ बाई आणि तिचा शंकरपाळ्यांचा डबा. तरी मीही दारात तंगडी टांगून मोकळी झाले. पुढचे पंधरा दिवस मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. नवरात्रात जेवायला न जाणं सोपं होतं, अभ्यासाचं निमित्त हाताशी होतं. पण मी ठरवलं, जायचं आणि सांगायचं.

पासिर रिसच्या त्या फ्लॅटमध्ये आठ-दहा जणी पानावर बसलो होतो. वर्षाताई वरण वाढत माझ्यापाशी आल्या.

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध. आम्हाला कुलदैवत नसतं."

वर्षाताईंची पळी हवेतच थांबली. मला उठून एमआरटीची गाडी गाठावीशी वाटत होती. मी मांडी आणखी घट्ट घातली.

"वाढा ना," मी म्हटलं.

वरण पानात आलं, जरा सांडत आलं.

तिकडे गावाकडे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठे असं कुणी विचारलं तर आता मी नांदेडही सांगत नाही आणि क्लेमेंटीही नाही. खरं सांगून झाल्यावरही ज्या पानावरून मी उठत नाही, ते माझं घर. त्या दुपारी मी पोटभर जेवले आणि भात परत मागून घेतला.