शालनचा घोगरा आवाज

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि घाटकोपरमधला सर्वांत बडबडा माणूस, म्हणजे मी, गप्प झाला. माझी धाकटी बहीण शालन वळून माझ्याकडे बघायला लागली. कॅन्सरपेक्षा माझ्या गप्प बसण्याचीच तिला जास्त धास्ती वाटली असावी.

कार्सिनोमा लॅरिंक्स. म्हणजे स्वरयंत्राचा कर्करोग. आवाज निघतो, नेमका तिथेच.

शालन गिटारवर स्वतः रचलेली गाणी म्हणायची. आई गेली ते, ठरलेलं लग्न मोडलं ते, संपानंतर बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत ते. काही म्हणजे काही झाकायची नाही. गणपतीच्या मांडवात लोक सिनेमातली गाणी ऐकायला यायचे. हिने सुरुवात केली की निम्मे उठून जायचे. उरलेले निम्मे रडायचे. इतके, की मुलुंडला मंडळाला मांडव बादल्यांनी उपसावा लागला. हे मी पुढे पाच ठिकाणी सांगितलं, आणि दरवेळी एकेक बादली वाढवली.

निवेदन माझंच असायचं. एका गणपतीत तिचा आवाज घोगरा झाला, तर मी माइकवर ठोकून दिलं, "मंडळी, हा घसा बसलेला नाही! काळजाला गेलेली चीर तुम्हाला ऐकू येतेय!" टाळ्यांचा पाऊस. मग लोकांना तोच आवाज हवा झाला. पार दहिसरपासून बोलावणी आली.

"दादा, गिळताना टोचतंय रे."

"ज्येष्ठमध चघळ गं. आवाज झकास लागलाय."

असे आठ महिने.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून असा?" मी म्हटलं, "दोन-तीन आठवडे." जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कमी करून सांगितली.

"आठ महिने," शालन म्हणाली. "दादा, तुझ्या गजाली पुरे."

मग बायॉप्सी, म्हणजे घशातला बारीकसा तुकडा काढून तपासणं. मग बाकावर बसून वाट बघणं. शेवटी तो रिपोर्ट.

"लॅरिंजेक्टमी करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "अख्खं स्वरयंत्र काढायचं. श्वास मानेतल्या भोकातून घ्यायचा."

"आणि गाणं?" शालनने विचारलं.

"तुम्ही जगाल," ते म्हणाले.

ऑपरेशननंतर नाकात नळी, मानेला पट्ट्या, हातात पाटी. पाटीवर तिने पहिलं वाक्य लिहिलं, "तुझा राग आलाय. उशी वर कर."

मी उशी वर केली.

ती जगली. त्या डॉक्टरांचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी कुणाचा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, तर माझ्यासारखी त्याची गोष्ट करू नका. डॉक्टर छोटा आरसा घालून घसा बघतात. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या गणपतीत ती मानेला रुमाल बांधून गिटार घेऊन बसली. गाणं तिचं, नवं. म्हणणार मी. माइक हातात येताच माझी जीभ वळवळली, "मंडळी, या मुलीने मृत्यूला..."

तिने पाटी वर धरली. "फक्त गाणं."

म्हटलं. माझा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेला पत्रा. निम्मे उठून गेले. उरलेल्यांतले तीन जण रडले.

तीनच. मी मोजले.