डोळ्यातलं हिरवं झाड

नव्वदच्या दशकात एकदा सोनईत घरोघरी डोळे आले होते. आमच्या घरातले बाकीचे सगळे बरे झाले, आईचा उजवा डोळा मात्र लालच राहिला. डावा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला. म्हणजे तिला जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्याने. आणि बाईसाहेब काय करत होत्या, तर वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब त्यात घालत होत्या. आमच्याकडे औषध टाकणं म्हणजे अन्न टाकण्याइतकंच पाप. माझा संताप झाला. तशीच तिला एसटीत बसवली आणि नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मला वाटलं, आता तपासण्या होणार, रिपोर्टसाठी खेपा घालाव्या लागणार. डॉक्टरांनी केशरी टोकाची कागदाची बारीक पट्टी आईच्या पापणीआड टेकवली, तिची हनुवटी यंत्रावर ठेवली, खोलीतला दिवा मालवला आणि डोळ्यावर निळा प्रकाश सोडला. जरा वेळ पाहून म्हणाले, "विषाणू आहे. त्याने कुरतडलंय तिथे पट्टीचा रंग भरलाय. या, तुम्हीही बघा."

मी यंत्राला डोळा लावला. आईच्या बुबुळावर हिरवंगार झाड उभं होतं. खोड, फांद्या, फांद्यांना फाटे, टोकांना कळ्यांसारखे ठिपके, सगळं आतून उजळलेलं. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. ते तिची नजर खात होतं आणि मी भारावून बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, ते उरलेल्या थेंबांनीच फोफावलंय, त्यातल्या स्टेरॉइडने विषाणूला बळ मिळतं. अजून काही दिवस घातले असते तर डोळा हातचा गेला असता.

"काय दिसतंय गं?" आईने विचारलं.

"झाड आहे, आई."

"मंग उपटा की."

डॉक्टर हसले आणि डोळा बधिर करून कापसाच्या काडीने त्यांनी ते खरंच पुसून काढलं. घरी लावायला मलम दिलं. पुढे मी तिच्या डोक्यावर बसून ते लावून घेतलं, थेंबांची बाटली उकिरड्यावर फेकली. त्यावरून ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा तीच पट्टी, तोच निळा प्रकाश. मी श्वास रोखून पाहिलं. बुबुळ स्वच्छ, काळंभोर. डॉक्टरांनी दिवा लावला. आईने हनुवटी उचलून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"एका कानातलं कुठं पाडलंस गं?"

हात लावला तर कान रिकामा. सोन्याचं होतं. मी तिथेच स्टुलावर मटकन बसले आणि हसत सुटले.