भाऊजींच्या टेबलावरचा निळा डबा

माझे भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि गिऱ्हाईकाला उभं राहण्यापुरती जागा. दाराशी एक लाकडी ट्रे. आत यायचं तर मोबाईल आणि चुंबकाच्या बटणाची पर्स आधी त्या ट्रेमध्ये ठेवायची. चुंबक जवळ आलं की घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग स्वतःलाच चिकटते आणि घड्याळ पुढे पळत सुटतं. मी पडले मेहुणी, मला कसली भीती. मी म्हणायचे, विमानतळावरसुद्धा एवढी झडती घेत नाहीत. ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, मग घड्याळ तिकडेच देत जा.

दुसरी खुर्ची ताईची. घड्याळांना चिठ्ठ्या बांधणं आणि गिऱ्हाईकाशी बोलणं तिच्याकडे, कारण भाऊजींना बोलायचं जिवावर यायचं. ताईला माणसं नावाने नाही, घड्याळाने आठवायची. फुटक्या काचेवाले आले होते, तुटक्या पट्ट्याची बाई परत भांडून गेली, असं सगळं ती मला रंगवून सांगायची.

मग एकदा तिने दोन घड्याळांच्या चिठ्ठ्या उलटसुलट बांधल्या. आम्ही हसलो. महिन्याभरात ती दुकानात यायची थांबली, आणि नंतर पलंगावरून उठायची थांबली. लोक मला कारण विचारायचे. कारण काही नव्हतं, आणि ते सांगून सांगून माझं डोकं उठायचं. डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं. दोन वर्षांत तीन औषधं बदलून झाली. वजन वाढलं, हात थरथरायला लागले, बाकी ताई होती तिथेच.

तेव्हा डॉक्टरांनी चुंबकाच्या उपचाराचं सुचवलं. कपाळाच्या डाव्या बाजूला एक वेटोळं टेकवतात, त्यातून चुंबकाचे ठोके देतात, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. भूल नाही, कापाकापी नाही. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चुंबकाने काय होतं ते मी रोज बघतो," ते म्हणाले. "घड्याळाला जे चालत नाही, ते हिच्या डोक्याला कसं चालेल?"

मी शेजारीच बसले होते. एरवी माझ्या नाकावर राग असतो, पण त्या दिवशी मी मान डोलावली. मलाही ते पटलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगायला हवं.

त्यानंतर चार वर्षं गेली. त्या माणसाने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिचे केस विंचरायचे, घास भरवायचे, मगच दुकान उघडायचे. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. मधल्या काळात ताईची लेक, माझी भाची, शिकायला लांब गेली. बॅग घेऊन ती पलंगाशी कितीतरी वेळ उभी होती. ताईचं तोंड भिंतीकडे होतं. शेवटी बस चुकेल म्हणून मीच तिला ओढत बाहेर नेलं.

एका दुपारी मी ताईची नखं कापत होते. ती अचानक म्हणाली, "ते चुंबकाचं अजून मिळतं का गं?"

माझ्या हातातून नेलकटर पडलं. तिने ते चार वर्षं लक्षात ठेवलं होतं. तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, हे नाही म्हणाले, आणि भांडायला अंगात जोर नव्हता.

भाऊजींना सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, ने.

रोज मीच तिला नेत होते. सुतारपक्षी खोडावर चोच मारतो तसा टकटक आवाज, कपाळाचा स्नायू उडायचा, सुरुवातीला डोकं दुखायचं. तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात मी केलेल्या चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, साखर जास्त झालीय. इतक्या वर्षांतली तिची ती पहिली तक्रार. मी मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर आले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी घरीच ठेवलं होतं. उपचार करणाऱ्या मुलीला त्यांनी एकच विचारलं, आत तांब्याची तार आहे का? ती हो म्हणाली. ते उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर जिन्यात बसलेले.

त्यांच्या टेबलावर एक निळा डबा आहे. चुंबक लागून बिघडलेलं घड्याळ त्याच्यावर धरायचं, बटण दाबायचं आणि हळूहळू दूर न्यायचं, की घड्याळ ठीक. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, वीज सोडली की तेच चुंबक होतं. तीस वर्षं त्यांनी चुंबकाचा बिघाड चुंबकानेच काढला होता.

"हेच आहे गं," ते म्हणाले. "रोज माझ्या हाताखाली होतं. मला नुसता ट्रे आठवला."

ताई बरी झाली. अगदी पहिल्यासारखी नाही, पण उठते, अंघोळ करते, रागावते, दुकानात तिच्या खुर्चीवर बसते. आणि बरी झाली म्हणूनच तिला सगळं कळायला लागलं. परवा मी दुकानात असताना तिने लेकीला फोन लावला. भाची नीट बोलली, परक्या बाईशी बोलावं तशी. कामात आहे, नंतर करते, म्हणाली. आम्ही दुकान बंद होईपर्यंत वाट बघितली.

फोन आला नाही. ताईने भाऊजींना विचारलं, "ती गेली तेव्हा मी तिला काय म्हणाले होते?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण भाऊजींना खोटं जमत नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "तू वळलीच नाहीस." मग म्हणाले, "चूक माझी आहे."

ताईने हातातली चिठ्ठी नीट बांधून पूर्ण केली.

"बिघडलेलं घड्याळ आलं की तुम्ही त्याच दिवशी डब्यावर धरता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

भाऊजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि टेबलावर वाकले. टेबलावर घड्याळ नव्हतं.