परत आलेलं पुष्पचक्र

तिचं नाव मला आजही माहीत नाही. सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत ती रोज सकाळी दिसायची. पदर कमरेला खोचलेला, पाठीवर गोणी. कबरींवरची प्लास्टिकची फुलं, थर्माकोलचे क्रूस ती गोळा करायची आणि रविवारी उपासना सुटली की ज्याचं त्याला परत द्यायची. कुठली कबर कुणाची, हे तिला पाठ होतं. लोक अंगावर धावून जायचे. तिची मान कधी खाली गेली नाही.

एका रविवारी माझी पाळी आली. बाबांच्या कबरीवर मी ठेवलेलं प्लास्टिकचं पुष्पचक्र तिनं माझ्या स्कूटरच्या हँडलला अडकवलं. मी तडकलोच.

“मावशी, माझ्या बापाची कबर आहे ती. तुम्ही कोण हात लावणार?”

“कबर तुज्या बापाची, पर जमीन देवाची हाय. त्यानं पैल्या माणसाला बागंत ठिवलं ते राखाया. कचरा कराया न्हाय.”

“पाळकांना सांगेन मी!”

“सांग की! त्येंचं बी दोनदा परत दिलंय.”

भोवतीचे लोक हसले. ती हसली नाही. पुष्पचक्रावर बोट ठेवून म्हणाली, “पुरताना पाळक काय म्हणलं? मातीला माती. तुजा बाप झाला की माती. ह्ये कवा व्हणार?”

मी ते घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं. त्याला तीन वर्षं झाली. परवा माळा आवरताना ते हाती लागलं. धूळ झटकली, तर फुलं अजून लालभडक.