आक्का हसली तर

विलास मोकल नवी नक्कल आधी दिवाळे गावच्या जेट्टीवर नेत असे. तिथे त्याची मावशी मासळी विकायला बसायची. तिला सगळेच आक्का म्हणत. तिच्या पाटीसमोर उकिडवा बसून तो एखादा पुढारी करून दाखवायचा. आक्का कोलंबी सोलता सोलता ऐकायची. हसली तर नक्कल पक्की. नाहीतर म्हणायची, "मना हसू नाय आला. ऊठ, गिऱ्हाईक खोळंबलाय." विलास निमूट उठायचा.

वाशीच्या आमच्या सोसायटीत गणपतीतले कार्यक्रम मी ठरवते. विलासचं नाव माझ्या यादीत दरवर्षी असे. दिवसा द्रोणागिरीच्या गोदामात नोकरी, संध्याकाळी नकला. एका वर्षी नगरसेवक समोर बसलेले असताना त्याने त्यांचाच पाहणी दौरा करून दाखवला. गुडघाभर खड्ड्यात उभं राहून अधिकाऱ्याला विचारायचं, "खड्डा कुठाय?" खुद्द नगरसेवक हसले.

"विलास, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"साहेबांचं टेन्शन नाय, मॅडम. आक्का हसली का झालं. बाकीचे मान राखायला पन हसतात."

त्या नकलेची क्लिप फिरली आणि एका वृत्तवाहिनीने त्याला चर्चेला बोलावलं. मग वरचेवर बोलावू लागले. पडद्यावर नावाखाली 'राजकीय विश्लेषक' आलं. अंगावर जॅकेट आलं. 'पन'चं 'पण' झालं. नकला मागे पडल्या, जेट्टीवर जाणं थांबलं. आक्का मला पापलेट देताना म्हणाली, "टीवीवर दिसतो इलास. जेवतो का नाय, कोन जाने."

पुढच्या गणपतीत त्याने कार्यक्रमातली शेवटची वेळ मागितली, प्रमुख पाहुणा म्हणून. मी आक्कालाही बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. विलास जॅकेटच्या खिशात हात घालून उभा राहिला. "मित्रांनो, लोकशाहीत आज माझ्यासारख्या माणसावर फार मोठी जबाबदारी आहे..." बराच वेळ असंच. मागच्या रांगा चपला शोधू लागल्या.

एवढ्यात आक्का खळखळून हसली. शेजारणीच्या मांडीवर थाप मारून ओरडली, "लय भारी, इलास! ह्यो कंचा मंत्री रं?"

सगळं सभागृह हसलं. विलासचा चेहरा उतरला. आता हा खाली उतरून निघून जाणार, असं वाटून मी आरतीचं तबक उचललं. पण तो आक्काकडे बघत राहिला. ती टोमणा मारत नव्हती. उत्तराची वाट बघत होती.

"नवीन हाय, आक्का," तो शेवटी म्हणाला. "आजून निवडून यायचाय."

मग त्याने तेच भाषण पहिल्यापासून केलं, जॅकेटची बटणं लावत आणि सोडत. आरतीला उशीर झाला. कोणी तक्रार केली नाही.

वाहिनीवर तो अजूनही जातो. जेट्टीवरही जातो. यंदा त्याचा फोन आला, "मॅडम, मला शेवटी नको. पोरांच्या नाचानंतर लगेच टाका. आक्काला लवकर झोप येते."

"पत्रिकेत नावाखाली काय छापू? विश्लेषक?"

"नको नको," तो घाईने म्हणाला. "आक्का तिथंच हसून घेईल."