पुढच्या फळीवरची जागा

कारंज्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वायरीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो बाबांना महागात पडला.

बाबा जन्मभर धरणाच्या पाण्यात मासे धरत आले. आमचा डोंगा फायबरचा, जेमतेम दोघांचा. पुढच्या फळीवर बाबा, मागे मी, मधे जाळं. बाबांजवळ गाठी मारलेली एक दोरी होती. तिच्या टोकाच्या दगडाला ते ओली कणीक लावत आणि दोरी पाण्यात सोडत. गाठींवरून खोली कळे. वर आल्यावर कणकेला काळा गाळ चिकटलाय की मुरूम, ते बघत, नाकाशी नेत, आणि मग जाळं कुठे टाकायचं ते सांगत. एवढ्या कणकेत दोन पोळ्या झाल्या असत्या, असं मी चिडवायचो. ते म्हणत, "खाले कोण राह्यते ते पाह्यल्याबिगर दार वाजवू नाई."

पुढे त्यांचा खांदा धरला. वल्हं ओढवेना, एकट्यानं जाणं बंद झालं. मग मी डोंग्याला मागून बॅटरीवरची छोटी मोटार बसवली आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांना घेऊन जाऊ लागलो. मोटार त्यांना आवडली. "आवाज नाई करत, शहाणी हाय," म्हणाले. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मी मोबाइलवर मासे दाखवणारं यंत्र पाहिलं आणि मागवलं. लांब वायर लावलेला एक काळा सेन्सर आणि एक स्क्रीन. सेन्सर मोटारीच्या पोटाखाली बांधायचा, तोंड सरळ तळाकडे. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घातला, पाइपाला लावतात तसला स्टीलचा क्लॅम्प आवळला आणि वायर मोटारीच्या दांड्याला प्लास्टिकचे टाय मारत वर आणली. बाबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. शेवटचा टाय मी ओढला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "ढील दे थोडी. मोटार मान वळवते, वायर तुटन." त्यांचं बरोबर होतं. तेवढं मी ऐकलं.

पाण्यात गेलो तर स्क्रीनवर नुसत्या उभ्या रेघा. मोटार बंद केली की रेघा गायब, चालू केली की पुन्हा हजर. दोन्ही एकाच बॅटरीवर होत्या, म्हणून मोटारीचा त्रास स्क्रीनला होत होता. स्क्रीनला वेगळी बॅटरी हवी, हे मला लगेच कळलं. घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून होती. आमच्याकडे पडून असलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. टाकायची नाही, कामी लावायची. दोघांनी उचलावी लागणारी ती बॅटरी मी डोंग्यात ठेवली. मागे ठेवली तर पाणी आत येत होतं, मधे जाळं होतं. उरली पुढची फळी.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोंग्याच्या काठाकडे. "वजन झालं डोंग्याले," ते म्हणाले. "तू जाय. मी बसतो इथंच."

स्क्रीन स्वच्छ झाली. तळ दिसला, माशांच्या कमानीसारख्या खुणा दिसल्या. मी इतका खूश होतो की काठावर बाभळीखाली बसलेल्या माणसाकडे वळून बघितलं नाही. नंतर रोज तेच झालं. बाबा माझ्यासोबत धरणापर्यंत यायचे, डोंगा लोटायला हात लावायचे आणि बाभळीखाली बसायचे. मी परत आलो की विचारायचे, "गाळ होता का मुरूम?" यंत्र ते सांगत नव्हतं. मी म्हणायचो, "मासे दिसले ना, मग झालं."

एकदा डोंगा लोटताना ते म्हणाले, "एखांद्या दिवशी मशीन घरी ठेवजो. मी येतो." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ." तो रविवार गेला, पुढचाही गेला. हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते अंथरुणावरून उठले नाहीत. पाण्यात पुन्हा यायची त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी करणं फक्त माझ्या हातात होतं. मी ती केली नाही. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही.

तेरवी झाली. महिनाभराने पाण्यात गेलो तर ती बॅटरी मेली होती. गावातल्या बॅटरीवाल्याकडे नेली. कशाला वापरतो, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो हसला. "भाऊ, स्क्रीनले एवढी कायले? स्कूटीची बॅटरी दिवसभर पुरते." त्याने काढून दाखवली. जेवणाच्या डब्याएवढी होती. मांडीवर मावली असती.

घरी येऊन यंत्राचा खोका काढला. स्क्रीनला किती करंट लागतो ते खोक्यावर छापलेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारींवरचे आकडे वाचणारा मी, आपलाच खोका वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छोटी बॅटरी पायाशी ठेवून निघालो. पुढची फळी रिकामी होती. डोंग्याचं तोंड वर उचललं गेलं, मागची बाजू दबली, आणि मोटारीखालचा सेन्सर तिरपा झाला. स्क्रीनवर तळ धड दिसेना. मी क्लॅम्प सैल करून पाहिला, पुन्हा आवळला. काही उपयोग नव्हता. पुढे माणसाएवढं वजन असल्याशिवाय ते यंत्र नीट चालत नव्हतं.

बाभळीखालचा मुरूम मी पोत्यात भरला आणि पोतं शिवायला घरी आणलं. आई दाभण घेऊन बसली.

"हे कायले?" तिने विचारलं.

"डोंग्यात पुढं ठेवाले. तिथं वजन लागते."

आईने सुतळी ओवली. "होतं ना तुह्यापाशी," ती म्हणाली, आणि खाली मान घालून पोत्याचं तोंड शिवू लागली.